पायवाटेचा सांभाळ : हरसूल परिसरातील डोंगरवाटा आणि त्यांची सुरक्षितता



बाजाराच्या दिवशी सकाळी हरसूलच्या दिशेने पाड्यापाड्यांवरून उतरणारी माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याला डोंगराळ मुलुखातील पायवाटेचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. गाडीरस्ते झाले, एस. टी. आली, दुचाक्या आल्या; तरीही पाणवठ्याला, शेताला, रानातल्या मोहाखाली आणि पुष्कळदा शाळेला व दवाखान्याला जाणारा मार्ग हा पायवाटेचाच आहे. पौष वद्य एकादशीस संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वराकडे दिंड्या निघतात, त्या वेळी या डोंगराळ पट्ट्यातील वारकऱ्यांची पावलेही त्याच दिशेने वळतात.

अलीकडच्या काळात या वाटांवर आणखी एक पाऊल पडू लागले आहे. पाठीवर पिशवी बांधून दोन-चार दिवस डोंगरातून चालण्यासाठी नाशिक, मुंबई, पुणे येथून तरुण-तरुणी येतात. पाण्याचा हंडा घेऊन चालणारे पाऊल आणि हौसेने डोंगर चढणारे पाऊल ही दोन्ही एकाच वाटेवर निर्धोकपणे कशी पडतील, आणि ती वाट कोणी सांभाळावी, हा येथे विचारासाठी घेतलेला प्रश्न आहे.

डोंगर, पाणी आणि वाट

हरसूलच्या एका बाजूस वाघेऱ्याचा किल्ला व घाट, दुसऱ्या बाजूस खैराईचा किल्ला, आणि दक्षिणेस त्र्यंबकची डोंगररांग पसरलेली आहे. या रांगेत अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर आणि भास्करगड ही दुर्गशिखरे उभी आहेत. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावून पूर्वेकडे जाते. हरसूलकडील ओढे-ओहळ मात्र पश्चिमेची वाट धरून दमणगंगेच्या खोऱ्यास मिळतात. दोन सागरांकडे पाणी वाटून देणारा हा जलविभाजक आहे. गावोगावच्या जुन्या वाटा खिंडी, डोंगरधारा आणि सोंडांवरून एकमेकींना जोडल्या, तर या मुलुखात कित्येक दिवस चालता येईल असा सलग मार्ग सिद्ध होतो. त्यासाठी नवा डोंगर फोडण्याचे काही कारण नाही. पूर्वजांनी पायांनी आखलेली वाट आधीच तेथे आहे.

परंतु जे पाणी हा मुलुख हिरवा ठेवते, तेच पाणी येथील वाटेचे सर्वांत मोठे संकट आहे. नाशिक शहराच्या मानाने त्र्यंबकेश्वर तालुक्यात दुपटीहून अधिक पाऊस पडतो. तो चार महिन्यांत, आणि त्यातही काही थोड्या दिवसांत, कोसळतो. सकाळी घोट्याएवढा असलेला ओहळ दुपारी माणसाला उभे राहू देत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये त्र्यंबकेश्वरजवळच्या दुगारवाडी धबधब्यापाशी अचानक पाणी वाढले आणि वीसहून अधिक पर्यटक पलीकडच्या काठावर अडकून पडले. पोलीस, वन विभाग, गिर्यारोहक आणि स्थानिक ग्रामस्थ यांनी त्यांची सुटका केली. तथापि एकाचा जीव वाचू शकला नाही.

याच तालुक्यात खरशेत ग्रामपंचायतीचा शेंद्रीपाडा आहे. तेथील स्त्रिया तास नदीच्या खोल घळईवर आडव्या टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून, डोक्यावर हंडे घेऊन, पाण्यासाठी ये-जा करीत असत. ही परिस्थिती छायाचित्रांतून सर्वांसमोर आल्यावर जानेवारी २०२२ मध्ये तेथे लोखंडी पूल झाला. आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तो पुराच्या पाण्याने वाहून नेला.

या दोन्ही घटना शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. एकीत संकटात पडले ते पाहुणे, दुसरीत रोज जीव मुठीत धरून चालत होत्या त्या घरच्या लेकी-सुना. कारण मात्र दोन्हीकडे एकच : वाट ज्या ठिकाणी पाणी ओलांडते, ते ठिकाण. पर्यटकांसाठी वाटेचा विचार करताना पाड्यावरच्या माणसाचा ओहळ ज्या योजनेत येत नाही, ती योजना अपुरी आहे. आणि ज्या वाटेवरून आजारी माणसाला झोळीत घालून बारमाही नेता येते, ती वाट पाहुण्यालाही आपोआप सुरक्षित असते.

वाट का बिघडते

वाट एकदा मळली म्हणजे कायमची झाली, असा समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. उतारावरची वाट ही नकळत पाण्याची पन्हळ बनते. पावलांनी माती दबते, गवत मरते, पहिल्याच पावसात त्या खोलगट भागातून पाणी धावू लागते आणि दोन-तीन पावसाळ्यांत वाटेची घळ होते. मग लोक कडेने नवी वाट पाडतात आणि तीही त्याच मार्गाने जाते. वळणे टाळून सरळ उतरण्याची सवय या ऱ्हासास आणखी वेग देते.

इंग्लंडमधील पेनाइन वे हा सुमारे ४३० किलोमीटर लांबीचा मार्ग १९६५ मध्ये खुला झाला. त्यावरील मऊ दलदलीची जमीन असंख्य पावलांखाली इतकी तुडवली गेली, की पुढे तेथे मोठ्या फरशा बसवाव्या लागल्या. सह्याद्रीतील बेसाल्टचा कातळ टणक असला, तरी त्यावरील मातीचा थर पातळ आहे. तो एकदा वाहून गेला म्हणजे पुन्हा तयार होण्यास माणसाचे आयुष्य पुरत नाही.

यावरचा उपाय खर्चिक नाही आणि अपरिचितही नाही. वाटेवर ठरावीक अंतराने तिरपे दगड बसवून पाणी बाजूला काढून द्यावे. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूस किंचित उतरता ठेवावा. तीव्र चढावर वळणे घ्यावीत आणि मधला आडमार्ग काटेरी झुडपांनी बंद करावा. ओहळाच्या दोन्ही काठांवर दगड रचून चढ-उतार पक्के करावेत. समतल चर आणि अनघड दगडी बांध ही कामे या जिल्ह्यातील मजुरांनी रोजगार हमीवर आणि पाणलोटाच्या योजनांत वर्षानुवर्षे केली आहेत. महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हापासून गावोगाव दगड रचणारे कसलेले हात तयार झालेले आहेत. जे कौशल्य शेताची माती अडवते, तेच वाटेची मातीही अडवू शकते. ओहळावर साकव घालावयाचा असेल, तर मात्र पुराची सर्वोच्च खूण गावातल्या वृद्धांना विचारून त्याहून वर त्याची उंची ठरवावी आणि आराखडा अभियंत्याकडून तपासून घ्यावा.

सांभाळ कोणी करावा

वाटेचा खरा प्रश्न बांधणीचा कमी आणि मालकीचा अधिक आहे. एकच वाट गायरानातून, खाजगी शेताच्या बांधावरून आणि राखीव वनातून जाते. परिणामी ती सर्वांची असते आणि नेमकी कोणाचीच नसते.

अमेरिकेतील अॅपलाचियन मार्गाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. बेंटन मॅके यांनी १९२१ मध्ये या मार्गाची कल्पना मांडली आणि १९३७ मध्ये तो सलग झाला. चौदा राज्यांतून सुमारे ३,५०० किलोमीटर जाणाऱ्या या वाटेस १९६८ च्या कायद्याने राष्ट्रीय मार्गाचा दर्जा मिळाला. शासनाचे संरक्षण त्यास आहे. परंतु झाडी छाटणे, चर मोकळे करणे, निवारे दुरुस्त करणे आणि झाडांवरील पांढऱ्या खुणा रंगविणे ही कामे प्रामुख्याने स्थानिक मंडळांचे स्वयंसेवक करतात. प्रत्येक मंडळाकडे वाटेचा ठरलेला भाग असतो. एवढी लांब वाट टिकली ती तिचे लहान लहान तुकडे करून प्रत्येकास धनी नेमून दिल्यामुळे.

हे तत्त्व महाराष्ट्रास परके नाही. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून आषाढीसाठी पंढरपूरला पायी जाते. मुक्काम ठरलेले असतात, दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो, आणि मुक्कामाचे गाव त्या रात्रीपुरते यजमान असते. शासनाचे पाण्याचे टँकर आणि आरोग्य पथके त्या व्यवस्थेस साहाय्य करतात. व्यवस्थेचा कणा मात्र गावोगावच्या माणसांचा असतो. जी शिस्त वारीने शतकानुशतके जपली, तिच्याच आधारे डोंगरवाटेचीही व्यवस्था लावता येण्यासारखी आहे.

कायद्याचा आधारही उपलब्ध आहे. हरसूल परिसर अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी येथील ग्रामसभेस विशेष अधिकार दिले आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार वन, वन्यजीव आणि जलस्रोत यांच्या रक्षणाचे अधिकार ग्रामसभेस आहेत. त्याच कायद्यात, ग्रामसभेची शिफारस असल्यास, ठरावीक लोकोपयोगी सुविधांसाठी मर्यादित वनजमीन देण्याची तरतूद आहे. रस्त्यांचा आणि पिण्याच्या पाण्याच्या सोयींचा त्यात समावेश होतो. २०१५ मध्ये शासनाने आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय घेतला. अधिकार आणि साधन या दोन्ही गोष्टी गावाकडे अशा प्रकारे आल्या असताना, आपल्या शिवारातील वाट ही आपल्या सांभाळातील वस्तू आहे असा ठराव ग्रामसभेने करणे, ही पहिली पायरी ठरते. वनातील कोणतेही काम वन विभागाशी विचारविनिमय करूनच हाती घ्यावे, हे ओघानेच आले.

गर्दीची मर्यादा

हरिहर किल्ल्याच्या कातळात कोरलेल्या, जवळजवळ उभ्या पायऱ्या सर्वश्रुत आहेत. १८१८ मध्ये इंग्रजांनी या भागातील किल्ले घेतले, त्या काळापासून या पायऱ्यांचे वर्णन होत आले आहे. त्या खोदणाऱ्यांनी एका वेळी एक माणूस चढेल किंवा उतरेल, असा हिशेब ठेवला होता. शत्रूला अडविण्यासाठी ते सोयीचेच होते. आज पावसाळ्यातील सुटीच्या दिवशी त्याच पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात. वरच्या एकाचा पाय निसटला, तर खालच्या सर्वांचा तोल जाण्याचा धोका संभवतो.

प्रत्येक वाटेची एक धारणशक्ती असते आणि ती वाटेच्या सर्वांत अरुंद जागेवरून ठरते. गावाच्या वेशीवर नोंदवही ठेवून एका दिवसाच्या माणसांची संख्या आखणे, तुकड्या ठरावीक अंतराने सोडणे, चढण्याची आणि उतरण्याची वेळ निराळी ठेवणे हे उपाय साधे आहेत. नोंदवहीत नाव, संख्या, जाण्याचे ठिकाण आणि परतण्याची अपेक्षित वेळ लिहिलेली असेल, तर संध्याकाळी कोण उतरलेले नाही हे अंधार पडण्यापूर्वी कळते. शोधकार्यात या एका ओळीने कित्येक तास वाचतात. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यातील नोंदणी, प्रशिक्षित मार्गदर्शक आणि सुरक्षिततेच्या अटी लोकांपर्यंत पोहोचविणे हे पंचायतीचेही काम आहे.

गर्दीची मर्यादा माणसांसाठी तशीच पशुपक्ष्यांसाठीही हवी. हरसूल वनपरिक्षेत्रातील खोरीपाडा येथे गिधाडांसाठी सुरक्षित खाद्यस्थळ चालविले जाते. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे देशातील गिधाडे झपाट्याने नष्ट झाली, आणि २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. खोरीपाड्यास असे औषध न दिलेली मृत जनावरे गिधाडांना उपलब्ध करून दिली जातात आणि त्यात ग्रामस्थांचे सहकार्य असते. वन विभाग आणि गाव एकत्र आले म्हणजे काय साधते, याचा हा घरचाच दाखला आहे. अंजनेरीच्या पठारासही २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. पदभ्रमणाची वाट आखताना घरट्यांचे कडे आणि दुर्मिळ वनस्पतींची पठारे दूर ठेवावीत आणि विणीच्या काळात त्या बाजूची वाट बंद करावी.

चालणाऱ्याने पाळावयाचे नियम

वाट कितीही चांगली असली, तरी चालणाऱ्याने तारतम्य सोडले तर ती त्याचे रक्षण करू शकत नाही. म्हणून काही नियम वेशीवरच्या फलकावर ठळकपणे लिहिलेले असावेत.

ओहळाचे पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा गढूळ होऊन आवाज करू लागले असेल, तर ओलांडू नये. डोंगरातील पूर पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत ओसरतो. तेवढा वेळ उंच जागी बसून काढणे शहाणपणाचे आहे. परत फिरण्याची वेळ निघतानाच ठरवावी आणि माथा राहिला तरी ती पाळावी. दाट धुक्यात गुरांच्या वाटा आणि माणसांच्या वाटा यांतील भेद कळत नाही, म्हणून स्थानिक वाटाड्याशिवाय पुढे जाऊ नये. कड्यांवर आग्या मोहळे असतात. तेथे धूर, अत्तर आणि गोंगाट टाळावा. विजा चमकत असताना माथा, एकटे झाड आणि पाण्याची जागा सोडावी. फेब्रुवारीनंतर बरेच झरे आटतात, तेव्हा गावातून विचारपूस करूनच पाण्याची बेगमी करावी. पाड्याच्या पिण्याच्या विहिरीवर अंघोळ किंवा भांडी धुणे हा त्या पाड्यावर अन्याय आहे.

सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये. दंश झालेला अवयव काठीच्या आधाराने स्थिर ठेवून रुग्णास धीर द्यावा, त्याला चालू न देता उचलून न्यावे आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. भगताकडे दवडलेला एक तास प्राणघातक ठरू शकतो. हे पर्यटकाइतकेच पाड्यावरच्या प्रत्येक घरास ठाऊक असले पाहिजे. १०८ आणि ११२ हे क्रमांक फलकावर असावेत. आणि फोनला संपर्क कोणत्या टेकाडावर मिळतो, तेही त्याच फलकावर लिहावे. संपर्क नसलेल्या जागी क्रमांक पाठ असून उपयोग होत नाही.

प्रत्येकाचा वाटा

या कामात प्रत्येक घटकास स्वतःचे असे स्थान आहे. वाट दाखविणाऱ्या तरुणांची यादी आणि त्यांचा मेहनताना ग्रामसभेने ठरवावा, म्हणजे घासाघीस राहणार नाही आणि वाटेचे उत्पन्न पाड्यातच राहील. त्यांना प्रथमोपचाराचे आणि दोर वापरण्याचे शिक्षण देण्याची सोय तालुका पातळीवर व्हावी. प्रवेश शुल्क घेतल्यास त्यातील ठरावीक भाग वाटेच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवावा आणि त्याचा हिशेब ग्रामसभेपुढे वाचून दाखवावा. तहसील, वन, आरोग्य आणि पोलीस या खात्यांनी पावसाळ्यापूर्वी एकदा एकत्र बसून धोक्याच्या ओहळांची यादी निश्चित करावी आणि ते केव्हा बंद करावयाचे व केव्हा उघडावयाचे, याचा अधिकार घटनास्थळी कोणाकडे असेल ते स्पष्ट करावे.

शिक्षकांकडे याहूनही मोलाचे काम आहे. वाटेचा सर्वांत अचूक नकाशा आज वृद्धांच्या स्मरणात आहे. कोणत्या वळणावर झरा बारमाही आहे, कोणता कातळ पावसात शेवाळतो, कोणत्या साली पाणी कोणत्या दगडापर्यंत चढले होते, हे त्यांना ठाऊक असते. आश्रमशाळेतील आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलांनी आजी-आजोबांना विचारून आपल्या गावाच्या वाटांचा नकाशा काढला, तर तो भूगोलाचा उत्तम पाठ होईल आणि पंचायतीस विनामूल्य दस्तऐवज मिळेल. त्यांतली बरीच मुले रोज त्याच ओहळातून शाळेला येतात. तो नकाशा आधी त्यांच्याच रक्षणासाठी आहे.

यासाठी मोठ्या घोषणेची अगर निधीची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास शेते मोकळी असतात आणि ओहळ कोरडे असतात. त्या दिवसांत प्रत्येक ग्रामसभेने एकदा आपल्या शिवारातील वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहावी. सोबत सरपंच, शिक्षक, वनरक्षक, आरोग्य सेविका आणि पाण्याला जाणाऱ्या स्त्रिया असाव्यात. कोठे दगड सुटला आहे, कोठे काठ ढासळला आहे, कोठे साकव हवा आहे, हे त्या स्त्रिया कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा अधिक नेमके दाखवतील. त्यांनी बोट दाखविलेल्या पहिल्या ओहळापासून काम सुरू करावे. ते मृगाच्या पावसापूर्वी पुरे झाले, तर त्या वर्षीच्या पावसाळ्यात त्या जागी कोणाच्या घरची चूल विझणार नाही, आणि दूरवरून आलेला पाहुणाही आपल्या पायांनी चालत घरी परतेल.